तरंगते बेट आणि घरचे तळे

शेतातील पीक चोरीला गेल्याच्या हकिकती सर्वांच्या ऐकिवात असतात. परंतु सबंध शेतच चोरीला गेल्याचे उल्लेख श्रीनगरच्या दल सरोवराविषयीच्या जुन्या वर्णनांतून आढळतात. ह्या सरोवरातील काही शेते जमिनीला जोडलेली नसतात. ती पाण्यावर तरंगतात. रात्रीच्या अंधारात खुंटांची दोरी सोडून असे शेत होडीच्या मागे बांधावे आणि ओढून न्यावे, एवढेच चोराला करावयाचे असते. सकाळी शेताचा मालक येतो तेव्हा तेथे फक्त चार खुंट आणि पाणी उरलेले असते.

अशा शेताला काश्मिरी लोक ‘राद’ म्हणतात. उथळ पाण्यात वाढलेल्या पाणकणसाचे आणि वेतासारख्या इतर गवतांचे जाळे मुळांपासून कापून सुमारे दोन मीटर रुंदीचे लांबच लांब पट्टे सुटे केले जातात. हे पट्टे हव्या त्या जागी ओढून आणून कोपऱ्यांशी विलोचे खुंट तळात ठोकतात व त्यांना ते अडकवून ठेवतात. वर्षानुवर्षे त्यावर पाणवनस्पतींचे थर चढवीत गेले, की माणसाचे वजन पेलण्याइतका पट्टा दणकट होतो. मग सरोवराच्या तळातील चिखल आणि शेवाळ ह्यांचे लहान लहान ढीग त्यावर रचून प्रत्येक ढिगाच्या माथ्यावर काकडी, टोमॅटो, भोपळा, कलिंगड ह्यांची रोपे लावतात. पाणी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाण्याची पातळी चढली तर शेतही चढते आणि उतरली तर उतरते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तरंगत्या बागांचा विषय निघाला की मेक्सिकोतील चिनांपांचे नाव हटकून घेतले जाते. परंतु चिनांपा तरंगत नाहीत. उथळ सरोवराच्या तळावर गाळ व काडीकचरा रचून उभारलेले ते जमिनीचे पक्के वाफे होत. दल सरोवराच्या काठालगतही अशाच प्रकारे भराव घालून केलेली शेते असतात; त्यांना ‘डेंब’ म्हणतात आणि ती रादहून अगदी वेगळी आहेत. खरोखर तरंगणारी शेते पाहावयाची तर काश्मीरखेरीज म्यानमारमधील इन्ले सरोवर आणि बांगलादेशाचा दक्षिण भाग ह्यांच्याकडे वळावे लागेल. बांगलादेशातील गोपालगंज, पिरोजपूर, बारिसाल ह्या जिल्ह्यांत पावसाळ्यातील पुरामुळे जमीन कित्येक महिने पाण्याखाली राहते. तेथील शेतकऱ्यांनी जलपर्णी ह्या उपद्रवी वनस्पतीलाच कामाला लावले आहे. तिचे थर एकावर एक रचून ती कुजू लागली की तिच्यावर भाजीची रोपे वाढवतात. ह्या पद्धतीला २०१५ साली राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

मनुष्याने रचलेल्या ह्या बेटांचा मूळ नमुना निसर्गातच आहे आणि तो पाहण्यास मणिपूरमधील लोकताक सरोवरासारखी दुसरी जागा नाही. तेथील तरंगत्या बेटांना ‘फुमदी’ म्हणतात. गवते, त्यांची एकमेकांत गुंतलेली मुळे, अर्धवट कुजलेली पाने आणि माती ह्यांचा मिळून हा गालिचा तयार होतो. त्याची जाडी काही सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत असू शकते. हिमनगाप्रमाणे त्याचा सुमारे एक पंचमांश भागच पाण्यावर दिसतो, उरलेला चार पंचमांश पाण्याखाली असतो. पाणवनस्पतींच्या खोडांत व मुळांत हवेने भरलेल्या स्पंजासारख्या पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे आणि कुजण्याच्या क्रियेतून निघून आत अडकून राहणाऱ्या वायूंमुळे हा सगळा पसारा तरंगतो. स्थानिक कोळी ह्या फुमदीच्या पट्ट्यांची मोठी वर्तुळे करून त्यांच्या आत मासे जमवीत असत. अशा वर्तुळाला ‘अथाफुम’ असे नाव आहे.

सरोवराच्या आग्नेय भागात फुमदी इतकी विस्तीर्ण व जाड आहे की तिच्यावर हरणे वावरतात. ‘संगाई’ ह्या नावाने ओळखले जाणारे हे हरीण नष्ट झाले असे १९५१ साली मानले गेले होते. दोन वर्षांनी ते पुन्हा आढळले. १९७५ साली विमानातून केलेल्या पाहणीत अवघे १४ प्राणी दिसले, आणि १९७७ साली सुमारे ४० चौरस किलोमीटरचा केइबुल लामजाओ हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. संगाईच्या संरक्षणाची तरतूद अशा रीतीने झाली खरी. परंतु संगाईच्या पायांखालच्या जमिनीचे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर फुमदीच्या वार्षिक क्रमात दडलेले आहे. पूर्वी उन्हाळ्याच्या आधी सरोवराची पातळी उतरे, तेव्हा फुमदी तळावर टेकत असे. तिच्यावरील वनस्पतींची मुळे तळाच्या मातीत शिरून पोषक द्रव्ये घेत, फुमदी पुष्ट होई, आणि पावसाचे पाणी चढू लागले की ती पुन्हा उचलली जाई. १९८३ साली वीजनिर्मितीच्या प्रकल्पासाठी इथाई येथे बंधारा घालण्यात आला व सरोवराची पातळी वर्षभर उंच राखली जाऊ लागली. तेव्हापासून फुमदीला तळाची भेट क्वचितच घडते. ती सदैव तरंगत राहते, खालून झिजते आणि पातळ होते. हरणाचे वजन पेलण्यास सुमारे मीटरभर जाडीची फुमदी हवी. पातळ फुमदीत त्याचे खूर रुततात. १९९३ साली लोकताकची नोंद रामसर कराराखालील धोक्यात आलेल्या पाणथळ प्रदेशांच्या यादीत झाली, त्याला जी कारणे घडली त्यांत बंधाऱ्याचे हे कारण प्रमुख होते. तरंगत्या बेटालादेखील अन्न लागते आणि ते कोठून तरी मिळावे लागते, ही गोष्ट घरच्या तळ्यात बेट सोडू इच्छिणाऱ्याने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

घरच्या तळ्यात हे अन्न पाण्यातच असते, किंबहुना गरजेपेक्षा अधिक असते. तळे हिरवेगार होते, त्याला दुर्गंधी येते, पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. सांडपाणी, शेणखत, शेतातून वाहून आलेली खते, माशांना घातलेले खाद्य ह्यांच्यातील नत्र व स्फुरद पाण्यात साचल्याची ही लक्षणे होत. तरंगत्या बेटावरील झाडे मातीविना वाढत असल्यामुळे आपले सर्व अन्न पाण्यातून घेतात आणि सूक्ष्म शैवालाला तेवढे कमी मिळते. परंतु झाडांपेक्षाही मोठे काम करतात ते मुळांवर चढणाऱ्या बुळबुळीत थरातील जीवाणू. त्यांपैकी काही अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. प्राणवायू कमी असलेल्या जागी दुसरे काही त्या नायट्रेटमधून नत्रवायू मुक्त करतात आणि तो हवेत निघून जातो. स्फुरदाला अशी हवेची वाट उपलब्ध नाही. तो झाडात साठतो, आणि झाड कापून बाहेर काढले तरच तळ्याबाहेर जातो. हैदराबादजवळील नेकनामपूर तलावात २०१८ साली सुमारे तीन हजार चौरस फुटांचे असे बेट सोडण्यात आले, ते ह्याच तत्त्वावर.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद हे आरंभास योग्य माप होय. ह्याहून मोठे बेट दोघांना उचलून पाण्यात सोडता येत नाही. चौकटीसाठी तीन वर्षांहून जुना, पक्का बांबू निवडावा. तो कापताना पेऱ्याच्या थोडा पुढे कापावा, म्हणजे टोकाची पोकळी बंद राहील. खिळा मुळीच ठोकू नये. बांबू तरंगतो तो दोन पेऱ्यांमधील कोंडलेल्या हवेमुळे, आणि खिळ्याच्या भोकातून त्या कप्प्यात पाणी शिरते. सांधे दोरीनेच आवळावेत. काथ्याची दोरी पाण्यात कुजते, म्हणून येथे नायलॉनची बरी. दोन लांब, दोन आडवे आणि मधून एक लांब असा एकूण आठ मीटर बांबू लागेल.

हे बेट किती भार पेलील? आठ सेंटिमीटर व्यासाचा एक मीटर बांबू पूर्ण बुडाला तर सुमारे पाच लिटर पाणी बाजूस सारतो, म्हणजे पाच किलोचा उचल देतो. त्यातून त्याचे स्वतःचे दोन-अडीच किलो वजन वजा जाता अडीच किलो हाती उरतात. आठ मीटरांचे वीस किलो झाले. लिटरभराच्या, झाकण घट्ट लावलेल्या बारा रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या जाळीच्या पिशव्यांत भरून चौकटीखाली बांधल्या, तर आणखी अकरा किलोंची भर पडते. ह्या तीस किलोंतून फक्त पाण्याबाहेर राहणारा भार वजा करावयाचा असतो. कारण पाण्यात बुडालेल्या काथ्याचे व मुळांचे वजन पाणीच पेलते. वीस झाडांचा पाण्यावरील भाग भर पावसाळ्यात पंधरा-वीस किलोंपर्यंत जातो आणि वर विश्रांतीला दोन-तीन बगळे आणि पाणकावळे हमखास येतात. तेव्हा हिशेब सैल ठेवणेच शहाणपणाचे. बाटल्यांऐवजी थर्मोकोल वापरण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. उन्हाने व चोचींनी त्याचे मणी सुटतात आणि ते माशांच्या पोटात जातात. बाटल्यादेखील उन्हात ठिसूळ होतात, म्हणून त्या बेटाच्या सावलीत, खालच्या अंगालाच असाव्यात.

चौकटीच्या तळाशी मासेमारीचे जुने जाळे ताणून बांधावे, त्यावर तीन-चार बोटे जाडीचा काथ्याचा थर पसरावा आणि वरून दुसरे जाळे शिवून टाकावे. चटई नेमकी पाण्याच्या पातळीवर राहिली पाहिजे. ती उंच राहिली तर रोपे वाळतात, खोल गेली तर गुदमरतात. सुमारे तीस सेंटिमीटर अंतरावर जाळे फाकवून रोपे अशी बसवावीत, की त्यांची मुळे खाली पाण्यात लोंबतील. बहुतेक नवशिके काथ्यावर माती घालतात आणि तेथेच चुकतात. ती माती आठवड्याभरात धुऊन तळ्यात जाते, पाणी गढूळ करते आणि जे काढावयाचे तेच पाण्यात टाकते. रोपांच्या मुळांना चिकटलेली मातीसुद्धा आधी धुऊन काढावी.

वनस्पतींत वाळा सर्वांत गुणी. माठातील पाणी सुगंधित करणारी त्याची मुळे पाण्यात सरळ खाली दोन-तीन फूट उतरतात व जीवाणूंना भरपूर जागा देतात. कर्दळ लवकर वाढते आणि शोभाही आणते; वेखंड व नागरमोथा कडेला लावावेत. पाणकणीस लावावयाचे तर मध्यभागी व थोडेच. त्याची उंच पाने शिडाप्रमाणे वारा धरतात आणि वादळात बेट कलंडते. जलपर्णीला मात्र थारा देऊ नये. बांगलादेशातील शेतकरी तिला कापून, रचून, कुजवून वापरतो. सुटी जिवंत जलपर्णी काही आठवड्यांत सबंध तळे झाकून टाकते. बेटावर अळू किंवा पालेभाजी लावून ती खावी काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. तळ्यात पावसाचे व विहिरीचेच पाणी येत असेल तर हरकत नाही. गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी त्यात शिरत असेल, तर शिसे, कॅडमियम ह्यांसारखे जड धातू झाडांत साठतात. ती भाजी माणसाने खाऊ नये, गुरांनाही घालू नये.

रोपे लावल्यावर दोन-तीन आठवडे बेट काठाशी, सावलीत बांधून ठेवावे आणि नवी पांढरी मुळे जाळ्याखाली दिसू लागली की मध्ये न्यावे. तळ्यात गवत्या मासा असेल तर तो ही कोवळी मुळे खाऊन टाकतो. अशा वेळी बेटाखाली जाळीचा पिंजरा टांगावा लागतो. सर्व बेटे मिळून आरंभी पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक भाग झाकू नये. झाकलेल्या पाण्याला हवेतील प्राणवायू कमी मिळतो, आणि शुद्धीकरणाच्या नादात मासे दगावण्याचा संभव असतो.

नांगर टाकताना लोकताक व दल ही दोन्ही सरोवरे आठवावीत. महाराष्ट्रातील शेततळ्यात पावसाळा व उन्हाळा ह्यांच्या पातळ्यांत कित्येक मीटरांचा फरक पडतो. दोरी आखूड असेल तर चढत्या पाण्यात बेट बुडते. म्हणून दोन विरुद्ध टोकांना पंधरा-वीस किलोंचे दगड बांधून दोरी तळ्याच्या कमाल खोलीच्या दीडपट ठेवावी, किंवा काश्मिरी रीतीने खुंट ठोकून त्याभोवती वर-खाली सरकणारे कडे बसवावे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात मात्र दगड आणि खुंट दोन्ही वर्ज्य. अस्तर फाटले तर तळेच जाते. तेथे दोन्ही काठांवरून दोऱ्या बांधाव्यात आणि पातळीनुसार त्या सैल किंवा ताठ कराव्यात. ह्या तळ्यात बेट उन्हाळ्यात तळावर टेकू देऊ नये, कारण अस्तरावर त्याला माती मिळत नाही आणि बांबूची टोके प्लॅस्टिकमध्ये घुसतात.

वर्षातून दोन-तीनदा, पाने पिवळी पडण्यापूर्वी, झाडे हातभर उंचीवर कापून घ्यावीत. हे काम चुकवले तर वाळलेली पाने पाण्यात पडून कुजतात आणि घेतलेले सर्व नत्र व स्फुरद तळ्याला परत मिळतात. बेट असून नसल्यासारखे होते. कापलेला पाला काठावर टाकू नये, कारण पहिल्याच पावसात त्याचा रस ओघळून पाण्यात येतो. उताराच्या पलीकडे खड्डा करून त्याचे खत करावे.

बांबूची चौकट साधारण दोन पावसाळे टिकते. बेट एका बाजूला खचू लागले की त्या बाजूचा बांबू दाबून पाहावा; आत पाणी खळखळले तर तो बदलावा. तोवर वाळ्याची व कर्दळीची मुळे काथ्यात इतकी विणली गेलेली असतात, की जुनी चटई अखंड उचलून नव्या चौकटीवर बसवता येते.