जुना रेल्वे रोखा: कर्ज संपले, सही उरली

टी. नगरात उस्मान रोडवर सोन्याच्या कोणत्याही दुकानात शिरा, त्या दिवसाचा भाव फलकावर दिसतो. मोड घालायला गेलात तरी तोच भाव धरून, घट वजा करून हिशेब होतो. आता समजा, ओळखीतल्या कोणी तुम्हाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा रेल्वेचा रोखा दाखवला. त्यावर एका नामवंत माणसाची सही आहे आणि किंमत पन्नास हजार. मुदत ठेव मोडण्याआधी विचारा, याचा भाव कोणत्या फलकावर लागतो?

रोखा म्हणजे कंपनीने घेतलेल्या कर्जाची पावती. तिला लहान कूपने जोडलेली असत. बहुधा दर सहा महिन्यांनी एक कापून दिले की व्याज मिळे. मुद्दल फेडले की भोके पाडून किंवा शिक्का मारून रोखा रद्द करत. म्हणून भोके नाहीत, कूपनेही शाबूत आहेत, असा रोखा पाहून हुरळू नका. बहुतेक वेळा कंपनीच बुडालेली असते. ‘यावर सोन्यात फेड करण्याचे वचन छापले आहे’ असे सांगून जुने अमेरिकन रेल्वे रोखे भरमसाट किमतीला गळ्यात मारण्याचे प्रकार घडले आहेत. सोन्यातल्या फेडीची ती अट अमेरिकेच्या संसदेने १९३३ मध्येच रद्दबातल केली.

उरते ती सही. अमेरिकन एक्स्प्रेसच्या जुन्या शेअरवर हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांच्या सह्या सापडतात, आणि संग्राहक पैसे मोजतात ते त्यासाठी. पण सही हाताची की छापील, हे जाणकाराने भिंगातून पाहिल्याशिवाय मानू नका. विकणाऱ्यानेच दिलेला दाखला तर अजिबात नको.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे मिळून १९०८ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. तिची कचेरी सेंट्रल स्टेशनाशेजारी होती. तिथे आज दक्षिण रेल्वेचे मुख्यालय आहे. कंपनी १९४४ मध्ये सरकारकडे गेली. तिचा कागद हाती आला, तर तो भिंतीवर शोभेल. त्या इमारतीत नेऊन पैसे मिळायचे नाहीत. तुतिकोरीनच्या स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा शेअर २५ रुपयांचा होता. ती १९०६ मध्ये टिळकांचे अनुयायी व. उ. चिदंबरम पिळ्ळै यांनी काढली आणि १९११ मध्ये गुंडाळली गेली. आज त्या कागदाला मोल आहे ते चिदंबरम यांच्या नावाचे.

‘परदेशात गिऱ्हाईक मिळेल’ या बोलण्यावरही जाऊ नका. ऐतिहासिक महत्त्वाचा, ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

उलट चूकही होते. आजोबांच्या ट्रंकेतला शेअर शोभेचा समजून दोन-चारशे रुपयांना देऊन टाकतात, आणि ती कंपनी दुसऱ्या नावाने चालू असते! आधी कंपनीचे आजचे नाव शोधा. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल, तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. ते आयईपीएफ-५ हा अर्ज भरून परत मागता येतात. तोवर तो कागद लॅमिनेट करू नका.