रंगखान्यातला ड्रम आणि कस्टम्सची नजर

‘सामरिक माल’ म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना तोफा, रॉकेट आणि अणुबॉम्ब एवढेच आठवते. आपण सूत, कापड, रंग विकणारी माणसे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे बहुतेकांना वाटते. संबंध आहे आणि तो थेट रंगखान्यातून जातो.

थायोडायग्लायकॉल नावाचे एक रसायन आहे. कापडाच्या रंगाई-छपाईत रंग नीट विरघळावा म्हणून ते वापरतात, बॉलपेनच्या शाईतही ते जाते. माल अगदी जायज. परंतु याच रसायनापासून मस्टर्ड गॅस, म्हणजे अंगावर फोड आणणारा, डोळे आणि फुप्फुसे जाळणारा विषारी वायू तयार होतो. इराण-इराक युद्धात सद्दाम हुसेनच्या फौजेने तो वापरला. जून १९८७ मध्ये इराणातील सरदश्त शहरावर तो टाकला गेला. मार्च १९८८ मध्ये इराकमधीलच हलबजा या कुर्दांच्या गावावर मस्टर्ड आणि इतर विषारी वायू सोडले गेले, तेव्हा सुमारे पाच हजार माणसे मेली. त्यात बायका होत्या, दूधपिती मुले होती. सारी आपल्याच उम्मतीतली.

हा माल इराकला कोणी पुरवला? एक मोठा पुरवठादार होता फ्रान्स फान आनराट नावाचा हॉलंडचा व्यापारी. त्याने हजार टनांहून अधिक थायोडायग्लायकॉल इराकला पोहोचवले. त्यातला बराच माल अमेरिकेत खरेदी झाला आणि युरोपातील बंदरांतून जॉर्डनच्या अकाबा बंदरात व तेथून पुढे गेला. पुढे कोर्टात त्याचे म्हणणे काय होते? माल कापड उद्योगासाठी आहे असे मला वाटले होते! आपल्या धंद्याचे नाव असे वापरले गेले, हे वाचून मला शरमही वाटली आणि रागही आला. अमेरिकन कस्टम्सच्या तपासावरून १९८९ मध्ये त्याला इटलीत अटक झाली, पण सुटका होताच तो इराकला पळाला. २००३ च्या युद्धानंतर तो मायदेशी परतला. डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या कोर्टाने त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल १५ वर्षांची कैद दिली. अपिलांनंतर ती साडेसोळा वर्षे झाली.

बाल्टिमोरची अल्कोलॅक ही कंपनी हेच रसायन बनवीत असे. तिचा माल दलालांमार्फत इराकलाही गेला आणि इराणलाही. युद्ध एकमेकांशी, गिऱ्हाईक एकाच दुकानाचे! इराणसाठीच्या मालाच्या कागदांवर सिंगापूरचे नाव असे. १९८८ मध्ये अमेरिकन कस्टम्सला सुगावा लागला. त्यांनी ड्रममधले रसायन काढून पाणी भरले आणि माल जाऊ दिला. ड्रम कोठे जातात, कोण उतरवून घेतो, यावर नजर ठेवली. त्याच वेळी ड्रम अडवले असते तर फक्त ड्रम हाती आले असते, दलाल सापडले नसते. कंपनीने १९८९ मध्ये गुन्हा कबूल केला.

असे काम एका देशाच्या कस्टम्सला एकट्याने जमत नाही. निघाल्या बंदरातला कागद आणि उतरल्या बंदरातला कागद समोरासमोर ठेवला तरच खोट दिसते. एकमेकांना माहिती देण्याची ही पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने बसवली. १९७७ चा नैरोबी करार त्यासाठीच झाला. एप्रिल २००४ मध्ये राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव १५४० करून अशा मालावर निर्यात-नियंत्रण ठेवणे सर्व देशांना बंधनकारक केले. २०१४ मध्ये ‘ऑपरेशन कॉस्मो’ नावाने सामरिक मालाची जगभर एकत्र तपासणीही झाली.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र कोडचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. रसायनाची नावे चार असतात. ड्रमवर एक, इन्व्हॉइसवर दुसरे, आणि माझ्यासारखा उर्दू शाळेत शिकलेला माणूस दोन्ही अडखळत वाचतो. सहा आकडी एचएस कोड मात्र सर्व देशांत एकच. पूर्वी हे रसायन ‘इतर’ या सदरात दडून जाई. २०१७ पासून त्याला २९३०.७० हा स्वतःचा कोड आहे. म्हणजे आता कोठल्याही बंदरात कॉम्प्युटर त्याला ओळखतो.

आपल्या देशात ते ‘स्कोमेट’ यादीत येते आणि निर्यातीपूर्वी डीजीएफटीची परवानगी लागते. रासायनिक शस्त्रबंदी करारात नसलेल्या देशांना ते पाठवण्यास मनाई आहे. सूतवाल्यांनीही ध्यानात ठेवावे की, बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये वापरला जाणारा कार्बन फायबर विशिष्ट दर्जाचा असेल तर तोही नियंत्रणात येतो, कारण रॉकेटच्या भागांतही तो लागतो.

भिवंडी-मालेगावचा एखादा भाऊ रंगाबरोबर सहायक रसायनेही परदेशी पाठवत असेल, तर त्याने कोड स्वतः पाहावा, सारे क्लिअरिंग एजंटवर सोडू नये. पार्टी नवी आहे, भाव न घासता रोख पैसे देते, तिचा स्वतःचा रंगखाना नाही, आणि माल दुबई किंवा सिंगापूरला उतरवून ‘पुढचे आम्ही बघू’ म्हणते, अशा वेळी अंतिम वापराचे प्रमाणपत्र लेखी मागावे. ते देण्यास पार्टी कुरकुर करू लागली तर बयाणा परत करावा आणि ड्रम गोदामातच राहू द्यावा.