मूर्ती लहान, सर्व्हर महान!

फेस्टिव्हलला चार दिवस उरले होते. लॅन गेमिंगसाठी बारा जणांची एन्ट्री फी घेऊन झाली होती आणि नेमका सर्व्हरसाठी ठरवलेल्या पीसीचा मदरबोर्ड उडाला! लॅबमधले बाकीचे पीसी खेळाडूंनाच लागणार होते. गोवंडीला माझ्या घरी होता फक्त एक रास्पबेरी पाय 3, पत्त्यांच्या कॅटएवढा. “ह्याच्यावर गेम चालणार?” म्हणून सगळे हसले. मी “चालेल” म्हणून बसले, आणि तिथून माझी खरी ओरल सुरू झाली.

मित्रहो, आधी एक गैरसमज काढून टाकू. डेडिकेटेड सर्व्हर चित्र काढत नाही की आवाज वाजवत नाही, म्हणून त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. तो फक्त हिशेब ठेवतो. कोण कुठे उभा आहे, कोणाची गोळी कोणाला लागली, एवढंच. क्वेक थ्रीच्या इंजिनमध्ये हा हिशेब साधारणपणे सेकंदाला 20 वेळा होतो, म्हणजे एका फेरीला 50 मिलिसेकंद मिळतात. नेटवर्कचं गणितही सोपं आहे. प्रत्येक खेळाडूला सेकंदाला 25,000 बाइट धरले तर बारा जणांचे झाले 3 लाख बाइट, म्हणजे 2.4 मेगाबिट. पायचं इथरनेट आहे 100 मेगाबिटचं!

मग घोडं अडलं कुठे? प्रोसेसरच्या भाषेत. मी आधी काउंटर-स्ट्राइकचा लिनक्स सर्व्हर टाकला. उत्तर आलं, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. पायवर लिनक्सच होतं, पण तो प्रोग्राम इंटेल-एएमडीच्या एक्स86 प्रोसेसरसाठी बनवलेला आणि पायचा प्रोसेसर एआरएम. ऑपरेटिंग सिस्टिम एक असली तरी इन्स्ट्रक्शन सेट वेगळा. इंजिनचा सोर्स कोड खुला नाही, त्यामुळे स्वतः कंपाइल करण्याचा प्रश्नच नव्हता.

इथे क्वेक कामाला आला. आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर 1999 मध्ये क्वेकचा आणि ऑगस्ट 2005 मध्ये क्वेक थ्रीचा सोर्स कोड जीपीएलखाली खुला केला. त्यातूनच पुढे आयओक्वेक थ्री आणि ओपन अरीना हा मोफत गेम झाला. डेबियनमध्ये ओपन अरीनाच्या सर्व्हरचं एआरएमसाठीचं पॅकेज तयारच मिळतं.

पण नुसतं कंपाइल झालं म्हणजे सगळं जमलं असंही नाही. 1 हा आकडा चार बाइटमध्ये लिहिताना एक्स86 आणि पाय 1-0-0-0 असा लिहितात, तर 2006 पूर्वीचे पॉवरपीसी मॅक 0-0-0-1 असा. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याने तसंच वाचलं तर 1 चे होतात 1,67,77,216! क्वेकच्या कोडमध्ये बाइट उलटवण्याची फंक्शन्स मुळातच आहेत, म्हणून तो परक्या यंत्रांवरही रुळतो.

साध्या प्रोसेसरवर मोठं काम काढायची गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. शेजारी ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने नव्वदच्या दशकात बाजारात मिळणारे प्रोसेसर जोडूनच ‘अनुपम’ हे समांतर संगणक उभे केले. आमचा प्रकार त्यापुढे अगदीच बाळबोध, असो!

रंगीत तालमीत एक फजिती झालीच. वीज गेली तर असावी म्हणून मी पाय पॉवर बँकेवर लावला आणि पॉवर बँक चार्जरवर. कोणाचा तरी पाय लागून चार्जर निघाला. पॉवर बँकेने बदली करताना क्षणभर करंट सोडला, सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि स्कोअर गेला! स्पर्धेच्या दिवशी मग पूर्ण भरलेली पॉवर बँक एकटीच ठेवली. बारा जण दिवसभर खेळले. सर्व्हर कुठे आहे, हे एकानेही विचारलं नाही. त्याहून चांगलं सर्टिफिकेट मला नको होतं.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर आधी तीन प्रश्न विचारा. प्रोसेसर कोणता? (‘युनेम हायफन एम’ ही कमांड सांगते.) त्याच्यासाठी बायनरी आहे का? नसेल तर सोर्स मिळतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर घरातलं जुनं यंत्र गोवंडीच्या भंगारवाल्याच्या तराजूवर चढवण्याआधी एक रात्र तरी मला द्या!