घरी परतणाऱ्या रुग्णाची वेदना

घोटा मुरगळला, हात मोडला किंवा खांद्याला मुका मार बसला, की रुग्णाला अपघात विभागात आणले जाते. क्ष-किरण तपासणी होते, पट्टी बांधली जाते आणि पुष्कळांना त्याच दिवशी घरी जाण्याची अनुमती मिळते. खरे दुखणे जाणवते ते रात्री. त्या रात्रीसाठी चिठ्ठीवर कोणती गोळी लिहावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. अमेरिकेत मात्र त्याने उग्र रूप धारण केले.

तेथे १९९० नंतरच्या काळात ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही अफूच्या वर्गातील औषधे वेदनेसाठी सढळपणे दिली जाऊ लागली. कित्येकांची दुखापत बरी झाली, गोळी मात्र सुटली नाही. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथील शासनाला सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी घोषित करावी लागली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील दोन अपघात विभागांत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हातापायांच्या तीव्र वेदनेच्या ४१६ रुग्णांचे चार गट करण्यात आले. एका गटास ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन व १,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, तर इतर तीन गटांस पॅरासिटामॉलच्या जोडीला अफूवर्गीय औषध देण्यात आले. दोन तासांनंतर चारही गटांतील आरामात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. हे मोजमाप एकाच मात्रेचे होते, हे खरे. परंतु पुढे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कंबर व मानेच्या नव्या दुखण्याच्या ३४७ रुग्णांवरील अभ्यासातही, सहा आठवड्यांअखेर अफूवर्गीय गोळी औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

आयबुप्रोफेन सूज उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांना आवर घालते. पॅरासिटामॉलचे कार्य निराळ्या मार्गाने चालते. म्हणून ही जोडी परस्परपूरक ठरते. दोन्ही औषधे आपल्या परिचयाची असली, तरी निरुपद्रवी नव्हेत. प्रौढाने दिवसभरात ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडल्यास पॅरासिटामॉल यकृतास घातक ठरू शकते. मद्यपींसाठी ही मर्यादा आणखी कमी. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते आणि घेणाऱ्यास त्याची कल्पना नसते! जठरव्रण वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, आयबुप्रोफेन वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. सर्पदंशात तर रक्तस्रावाच्या भीतीमुळे ते वर्ज्यच होय.

याचा अर्थ अफूवर्गीय औषधे त्याज्य आहेत, असा नव्हे. कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिनला तोड नाही आणि ते रुग्णांस सुलभतेने मिळावे म्हणून १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली सुधारणा करण्यात आली.

रुग्णासोबत जाणाऱ्या कागदावर गोळ्या किती, किती तासांनी व किती दिवस घ्यायच्या, हे मराठीत लिहिलेले असावे. मुरगळलेला पाय उंच ठेवणे व कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकणे, याचाही त्यात उल्लेख हवा. प्लास्टरमध्ये वेदना वाढत गेली, बोटे बधिर वा निळसर झाली, तर आणखी गोळी न घेता त्याच रात्री रुग्णालय गाठावे, ही सूचना ठळक अक्षरांत असणे अगत्याचे आहे.