वांग्याचा चोर

सुनेने परसातल्या वांग्यांत सापळा टांगला. सापळ्यात कामगंधाची गोळी असते. तिचा वास मादी पतंगासारखा. त्या वासाने नर येतो आणि अडकतो.

सकाळी सून म्हणाली, "आत्याबाई, बघा तरी! किती बारके पतंग अडकलेत."

"अगं, सगळेच चोर नव्हेत. पंख बघ. पांढरे आहेत? वर तपकिरी-गुलाबी डाग?"

"होय की!"

"मग हाच तो. याची अळी शेंडा पोखरते, फळात शिरते. तो करडा चुकून आलाय."

"म्हणजे चोर सापडला!"

"नर सापडले. अळ्या अजून झाडातच आहेत. सुकलेले शेंडे खुड. किडकी वांगी तोड. सगळं जाळून टाक."

आधी पतंग ओळखा. मग उपाय करा.