स्कोअर कमी आला, पण कशाचा?

रिपोर्टवर स्कोअर 16 आला आणि आमच्याकडे पेढे आले. भाऊजींचा फोन, "वहिनी, पास झालात की हो! आता किमो नाही, काही नाही." किमो नाही हे खरं होतं. 'काही नाही' हे खरं नव्हतं. ही गल्लत आमच्याच घरात झाली असं नाही; पुढे ओपीडीच्या बाकावर भेटलेल्या बायकांकडूनही तेच ऐकलं, म्हणून लिहिते आहे.

माझं वय तेव्हा 56. डाव्या स्तनात दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ. स्तन राखून तेवढी गाठ काढली. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हॉर्मोन-पॉझिटिव्ह), हर-टू निगेटिव्ह. अशा गाठीसाठी ऑन्कोटाइप नावाची 21 जनुकांची तपासणी असते; 16 हा स्कोअर तिचाच. खर्च लाखांच्या घरात. 2018 मध्ये टेलरएक्स या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. माझ्यासारखी गाठ असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचा स्कोअर 25 पर्यंत असेल, तर हॉर्मोनच्या गोळ्यांच्या जोडीला किमो देऊन फायदा होत नाही, असं त्यात दिसलं. म्हणून माझी किमो टळली.

"गोळ्या सुरू करा, तीन महिन्यांनी दाखवा," एवढं सांगून मला घरी पाठवलं. रेडिएशनचा विषयच निघाला नाही. सर्जनना वाटलं किमोचे डॉक्टर पाठवतील, त्यांना वाटलं सर्जननी पाठवलंच असेल. फाईल दोघांच्या मध्ये पडून राहिली. त्यात घरचंच उदाहरण: माझ्या थोरल्या वन्सं, वय 72, त्यांना डॉक्टरांनीच रेडिएशन नको म्हणून सांगितलेलं. "ताईला नको, मग तुलाच कशाला?" असं ह्यांचं म्हणणं.

पण माझी नोकरी बँकेत, कर्ज विभागात गेलेली. आकडा कशावरून काढला हे कळल्याशिवाय सही करायची सवय नाही. रेडिएशनच्या डॉक्टरांची मी स्वतःच वेळ घेतली.

त्या बाईंनी रिपोर्ट पालथा घातला, पाठकोऱ्या बाजूवर एक छोटा गोल काढला, त्याभोवती एक मोठा. "ताई, हा स्तन आणि हे बाकीचं शरीर. कॅन्सर हाडांत, फुप्फुसांत, लिव्हरमध्ये जाईल का, हे तुमचा स्कोअर सांगतो. गाठ काढली त्याच स्तनात तो परत येईल का, हा वेगळा प्रश्न. रेडिएशन आधी त्यासाठी." मग रिपोर्ट सुलटा करून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. धोक्याचा लहानसा आकडा हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या तरचा होता. शिवाय त्या अभ्यासात स्तन राखलेल्या स्त्रियांच्या उपचारात रेडिएशन धरलेलंच होतं. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर आम्ही रेडिएशन सोडायला निघालो होतो, तो रेडिएशन जमेला धरूनच लहान झालेला.

फरक किती पडतो, हेही विचारलं. 2011 मध्ये 17 चाचण्यांमधल्या 10,801 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. स्तन राखल्यावर रेडिएशन न घेतलेल्या शंभरातल्या 35 जणींना दहा वर्षांत कॅन्सर परतला, घेतलेल्यांपैकी 19 जणींना. पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू 25 वरून 21 वर आले. उपचार सुधारल्यामुळे आज दोन्हीकडचे आकडे कमी आहेत, पण दिशा तीच.

मग वन्संचं काय? त्यांचंही बरोबरच. प्राइम-टू या चाचणीत 65 आणि त्यापुढच्या, लहान, हॉर्मोन-पॉझिटिव्ह गाठी असलेल्या आणि काखेत कॅन्सर न पोचलेल्या स्त्रिया होत्या. दहा वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परतला तो रेडिएशनशिवाय 9.5 टक्के जणींना, रेडिएशन घेऊन 0.9 टक्के जणींना. पण हयात राहिल्या त्या दोन्ही गटांत सारख्याच, सुमारे 81 टक्के. एवढ्यासाठी खेपा घालायच्या की नाही, हे वन्संनी ठरवायचं होतं. अट एकच, गोळ्या चुकवायच्या नाहीत. माझ्यापुढे मात्र त्यांच्यापेक्षा सोळा वर्षं जास्त होती. मी रेडिएशन घेतलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा.

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये गाठीचा आकार, ग्रेड, मार्जिन, काखेतल्या ग्रंथी, ईआर, पीआर आणि हर-टू हे सगळं लिहिलंय का पाहा. काही राहिलं असेल तर लेखी मागून घ्या.

कोणताही धोक्याचा आकडा ऐकला की विचारा: कुठे परतण्याचा, किती वर्षांतला, कोणते उपचार धरून? "धोका निम्म्याने कमी होतो" एवढ्यावर थांबू नका. वीसाचे दहा होणं म्हणजेही निम्मं आणि दोनाचा एक होणं म्हणजेही निम्मंच. शंभरातल्या किती जणी, हे विचारा.

स्तन पूर्ण काढला म्हणजे रेडिएशन सुटलं असंही नाही. काखेतल्या चार किंवा अधिक ग्रंथींत कॅन्सर असेल तर ते सहसा लागतंच.

किमो नको असं ठरलं की त्याच भेटीत विचारा, "रेडिएशनच्या डॉक्टरांकडे कधी जायचं?" नाही म्हणायचं असलं तरी त्यांना भेटून म्हणा.

खेपांची धास्ती असेल तर हेही कळू द्या, की पूर्वीचे पाच आठवडे आता बहुतेक ठिकाणी तीनावर आलेत, काही जणींचं एका आठवड्यातही होतं. गाठ डावीकडे असेल तर श्वास रोखून रेडिएशन देण्याची सोय आहे का विचारा. छाती फुगली की हृदय किरणांपासून लांब राहतं. मला त्वचा काळवंडणं आणि थकवा एवढंच जाणवलं, तेही ओसरलं. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा.

आणि शेजारणीचा, नणंदेचा किंवा माझाही निर्णय उचलू नका. आमचे प्रश्न उचला आणि तुमचा रिपोर्ट घेऊन जा.