गोफणीचा धोंडा

बाजरीची कणसे भरू लागली, की पाखरांचे थवे शेतावर उतरतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत, पूर्वी शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीने पिकाची राखण करीत असे. गोफणीचे एक टोक बोटात अडकविलेले असे, दुसरे चिमटीत धरलेले असे आणि मधल्या पट्टीत धोंडा असे. गोफण गरगर फिरवून तो चिमटीतले टोक सोडी आणि धोंडा थव्याकडे झेपावे.

नवख्या मुलाला वाटे, की धोंडा पाखरांच्या समोर आला म्हणजे टोक सोडावे. तसे केल्यास धोंडा भलतीकडेच जाई. जवळ कोणी असल्यास त्याचे कपाळ फुटण्याचेही भय असे. असे का होते, हे घरातील साध्या वस्तूंनी समजून घेता येते.

पुठ्ठ्याची दोन बोटे रुंद पट्टी वाकवून पाटावर उभी करावी व भिजविलेल्या कणकेने बाहेरून पक्की बसवावी. वर्तुळाचा चौथा भाग मोकळा ठेवावा. आता पट्टीला आतून लगटून एक गोटी जोराने सोडावी. पट्टी असेपर्यंत गोटी गोल फिरते. पट्टी संपताच ती पुढे वळत नाही, की केंद्रापासून थेट बाहेरही पळत नाही. त्या क्षणी तिचे तोंड जिकडे असते, तिकडे ती सरळ जाते. वर्तुळाला एकाच बिंदूत शिवणाऱ्या या सरळ रेषेस स्पर्शिका म्हणतात.

म्हणजे सरळ जाणे हा वस्तूचा स्वभाव होय. तिला वळविण्यासाठी केंद्राकडे सतत ओढावे लागते. या ओढीस अभिकेंद्री बल म्हणतात. गोटीला ते पट्टीकडून मिळते, धोंड्याला दोरीकडून. म्हणूनच पाखरे समोर असता, धोंडा बाजूने पुढे येत असतानाच टोक सोडावे लागते.

ही ओढ किती लागते, हेही पाहता येते. रिकाम्या रिळातून बळकट दोरा ओवावा. वरच्या टोकास खोडरबर व खालच्या टोकास लहानसे कुलूप घट्ट बांधावे. मोकळ्या अंगणात, इतरांना दूर उभे करून, रीळ हातात धरावे व खोडरबर फिरवावे. वेग वाढला, की कुलूप वर चढते. दोऱ्याची लांबी तीच ठेवून वेग दुप्पट केला, तर खोडरबर आवरण्यास चौपट वजन लागते.

चंद्राला दोरा नाही. तरीही तो पृथ्वीभोवती फिरतो. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्याला ओढून धरते, हे न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आज मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. या दुर्बिणीने शोधलेला एक तारा २००४ साली जाहीर झाला. तो स्वतःभोवती सेकंदाला सुमारे २०० वेळा फिरतो. एवढ्या वेगातही तो विखरून जात नाही. कारण त्याचे प्रचंड गुरुत्वाकर्षण त्याच्या कणाकणाला केंद्राकडे ओढून धरते. शिवारातला धोंडा असो वा आकाशातला तारा, नियम एकच.

स्वाध्याय
१. पट्टी संपल्यावर गोटी कोणत्या दिशेने जाते? आकृती काढून दाखवा.
२. ओल्या छत्रीचा दांडा गरगर फिरविल्यास काठावरचे थेंब कसे उडतात? का?